गुणाजीचा वाटा

गुणाजी माझ्या घरी आला की आधी टोपावरचं झाकण उचलून वास घ्यायचा आणि मग मला नावं ठेवायचा.

"वैनी, तिरफळां घालूक इसारलंस. ह्या बांगड्याचा तिखला नाय, ह्यो काढो आसा."

"मेल्या, फुकट गिळतंस आणि वर नावां ठेवतंस?"

मग तो पाटावर बसायचा, दोनदा भात घ्यायचा आणि हात धुताना परत सांगायचा, "पण तिरफळां नाय ती नायच."

आणि त्याचं बरोबर असायचं. मी तिरफळं विसरलेलीच असायची.

हे आधी सांगते, कारण गुणाजी वारल्यावर जे बोलायला आले ते सगळे त्याच्या आजाराबद्दल बोलले. बिचारा, भोगलं, सुटला. मला बिचारा हा शब्द आवडत नाही. बिचारा माणूस दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलत नाही. गुणाजी तोंडाळ होता, खवचट होता, खायला चोखंदळ होता आणि त्याला स्किझोफ्रेनिया होता. हा शेवटचा शब्द मला न चुकता लिहिता येतो. त्याच्या सरकारी कागदांवर तो इतक्यांदा वाचलाय की चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही पाठ व्हावा.

त्याच्या आणि माझ्या घराच्या मध्ये चिऱ्याच्या दगडांचा एक बुटका गडगा आहे. त्याच्या घरात तो आणि त्याची धाकटी बहीण शालन, दोघंच. शालनने भावासाठी लग्न केलं नाही असं लोक सांगतात. खोटं आहे. तिला पाहायला यायचे, चहा प्यायचे आणि घरात वेडा भाऊ आहे हे कळलं की कळवतो म्हणून जायचे ते जायचेच. ज्यांनी नाही म्हटलं तेच आता तिला त्यागी म्हणतात.

गुणाजीचं काम जाळी सांधण्याचं. आमच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येतात आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरून माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. जाळं खडकाला फाटतं, कुर्ल्या नांग्यांनी फाडतात. मग ते गुणाजीकडे यायचं. सुरूच्या झाडांखाली रापणीची झोपडी आहे, तिच्या दारात तो समुद्राकडे पाठ करून बसायचा. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरायचा आणि उजव्या हातातली सुई अशी चालवायचा की बघणाऱ्याला गाठ कधी बसली ते दिसायचं नाही.

"दर्याकडे पाठ कित्याक रे?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "दर्या बघीत बसाक तुमी पर्यटक आसात. माका काम आसा."

एकदा त्याने न सांगता माझी मच्छरदाणी उचलून नेली आणि सांधून आणली. गाठी अशा घट्ट की त्यातून बांगडा सुटला नसता. डास मात्र आरामात येत होते, कारण भोकं त्याने जाळ्याच्या मापाने ठेवली होती. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "माप बरोबर आसा. तुझो मासो बारीक आसा, ता मी काय करू?"

त्याला आवाज ऐकू यायचे. तो त्यांना पावणे म्हणायचा. ते कधीही यायचे, जेवताना, काम करताना. तो मान थोडी कलती करायचा आणि सांगायचा, "वैनी, पावणे इले. रेडियो बारीक कर." कधी त्यांच्याशी भांडायचा, "तुमका काय कळता? गप ऱ्हवा." बरा असला की पावणे ओटीवर बसतात, बिघडला की आत शिरून घराचे मालक होतात, असं त्यानेच मला सांगितलं होतं. इतकं सोपं करून कुठल्याही डॉक्टरने मला सांगितलं नाही.

विशी ओलांडली तेव्हा ते पहिल्यांदा मालक झाले. कपड्यांसकट छातीएवढ्या पाण्यात जाऊन तो उभा राहिला. रापणवाल्यांनी बाहेर ओढला. घरच्यांनी देवळात कौल लावला, बाहेरचं आहे म्हणून ऐकून आले आणि होडीच्याच दोरीने त्याला पडवीतल्या खांबाला बांधला. पुढे कुणीतरी सरकारी दवाखान्याची वाट दाखवली आणि इंजेक्शनची सुई सुरू झाली.

सुईने पावणे गेले. पण अंग लाकडासारखं झालं, तोंडातून लाळ यायला लागली आणि हात कापायला लागले. जाळ्याची सुई हातात धरली की थरथरून वाळूत पडायची. तो म्हणायचा, "पावणे गेले, पण जाताना माझे हात घेवन गेले."

मग त्याने आपलं एक चक्र बसवलं. मासेमारीच्या दिवसांत सुई चुकवायची, काम करायचं, बिघडायचं आणि मग सुई घ्यायला जायचं. दवाखान्यात याला नाव होतं, औषध न घेणारा रुग्ण. का घेत नाही हे कुणी विचारलं नाही. हात कापतात म्हटलं की हात थांबवायची आणखी एक गोळी देत. तिने हात थोडे थांबायचे आणि डोळ्यांना धूसर दिसायचं. सांधणाऱ्याला हात असून डोळे नसतील तर त्याने काय करायचं, हे त्या गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

अशात ते औषधाचा अभ्यास करणारे आले.

मुंबईचे मोठे डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली कोल्हापूरकडची एक मुलगी होती, तिला सगळे मॅडम म्हणत. तालुक्याच्या गावी एक हॉल घेतला होता आणि जुन्या औषधांनी त्रास होणाऱ्या माणसांना घरच्यांसकट बोलावलं होतं. शालनने सोबत म्हणून मला नेलं. डॉक्टरांनी समजावलं की नवं औषध आहे. अर्ध्यांना नवं मिळेल, अर्ध्यांना जुनं, कोणाला कुठलं ते चिठ्ठी ठरवणार आणि चिठ्ठीत काय निघालं ते डॉक्टरांनाही माहीत नसणार.

माझ्या मागे एक म्हातारा कुजबुजला, "म्हणजे कौलच मां?" मी म्हटलं, "कौल लावताना देव तरी समोर असतो."

नंतर मॅडमनी संमतीचं वाचन केलं. ते मराठी होतं, पण आमच्यापैकी कुणाच्या घरात बोलतात तसलं नव्हतं. आपण कोणत्याही क्षणी कारण न देता या अभ्यासातून बाहेर पडू शकता, असं एक वाक्य मला आठवतं. तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. आता वाटतं, अभ्यासच एक दिवस आम्हाला सोडून निघून जाईल हे त्यांनी एवढ्याच मोठ्याने वाचायला हवं होतं. असेल कुठेतरी बारीक अक्षरात. नव्हतंच अशी शपथ मी घेणार नाही.

गुणाजीने एकच विचारलं. "औषध चांगला निघाला तर कोणाक गावतला?"

मोठे डॉक्टर खूश झाले. "फार चांगला प्रश्न. तुमच्यामुळे पुढे कितीतरी लोकांना मिळेल. आपण सगळे मिळून हे काम ओढून नेणार आहोत."

"आणि आमका?"

"तुम्हाला तर फायदा होणारच."

झालं. गुणाजीने अंगठ्याऐवजी सही केली, तीही पूर्ण नावाची. घरी येताना बसमध्ये मला म्हणाला, "वैनी, ही रापणच आसा."

ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रापण ओढताना ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा मिळतो. होडी ज्याची त्याचा जास्त, जाळं ज्याचं त्याचा जास्त, हे खरं. पण म्हातारा येऊन शेवटी दोरीला लोंबकळला तरी त्याला मूठभर पेडव्यांसारखे बारीक मासे मिळतात. गुणाजी बिघडलेला असायचा तेव्हाही त्याचा वाटा कुणी बुडवला नाही. याला कागद लागत नाही. त्यामुळे सगळे मिळून ओढू असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वाट्याची गोष्ट वेगळी बोलावी लागते हे गुणाजीच्या डोक्यातच आलं नाही. ही त्याच्या आजाराची चूक नव्हती. आमच्या किनाऱ्यावरचा कुठलाही शहाणा माणूस अशीच चूक करेल.

चिठ्ठीत काय निघालं ते कुणी सांगितलं नाही, पण थोड्या महिन्यांत आम्हाला कळलं. हात थांबले. लाळ थांबली. पावणे यायचे, पण ओटीवर बसून जायचे. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असताना त्याने रापणीचं अख्खं जाळं एकट्याने सांधलं. देवगडला मावसभावाच्या आंब्याच्या बागेत जाऊन आला आणि तिथल्या हापूसलाही नावं ठेवून आला. शालन दुपारची झोपायला लागली. घरात असा आजारी माणूस असलेल्या बाईला दुपारची झोप म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला कळेल.

दर काही दिवसांनी मॅडम त्याला प्रश्न विचारायच्या. एकदा मी बाजूलाच बसले होते.

"तुमच्याविरुद्ध कुणी कट करतंय असं वाटतं का?"

"व्हय तर."

मॅडमनी पेन उचललं. "कोण?"

"ते मोठे बोटीवाले. पाण्यात लायटी सोडतत आणि आमच्या वाटणीचे मासे ओढून नेतत. अधिकारीय त्येंका मिळालेले आसत."

मॅडम भराभर लिहायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, हे आजारात लिहिताय काय? मग माझंही नाव घाला. सगळ्या वाडीचं घाला."

"आजी, मला प्रश्नावलीप्रमाणे लिहावं लागतं."

परतताना गुणाजी हसून हसून बेजार. "वैनी, आता तूय पेशंट. तुकाय गोळी गावतली."

मग एक दिवस अभ्यास संपला. संपला म्हणजे त्यांना हवं होतं ते मिळालं. मॅडमनी आभार मानले, उरलेल्या गोळ्या दिल्या, कंपनीचं नाव लिहिलेली एक छत्री दिली आणि पुढचे उपचार सरकारी दवाखान्यात घ्या म्हणून सांगितलं. सरकारी डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. पेशंटच्या गर्दीत त्याला चहा प्यायलाही फुरसत नव्हती. त्याने खरं ते सांगितलं. "औषध उत्तम आहे. बाजारात आलंय. पण सरकारी यादीत नाही, त्यामुळे मी देऊ शकत नाही. माझ्याकडे जुनीच सुई आहे."

"यादी कोण करतं?" मी विचारलं.

"वर करतात."

मेडिकलमध्ये किंमत ऐकून शालन दुकानाच्या पायरीवरच बसली. तिने मॅडमना फोन लावला. मॅडम आता दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या अभ्यासावर होत्या. सॉरी ताई, म्हणाल्या. त्या मुलीचा आवाज खरंच पडला होता. पण पडलेल्या आवाजाच्या गोळ्या होत नाहीत.

गोळ्या संपायच्या आत एक आमंत्रण आलं. अभ्यास यशस्वी झाला म्हणून किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. आम्ही तिघंही गेलो. थंडगार हॉल, पडद्यावर रेघा वर चढत गेलेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, सहभागींशिवाय हे शक्य नव्हतं. सहभागी म्हणजे गुणाजी. दवाखान्यात तो रुग्ण, इथे तो सहभागी, आणि बाहेर रस्त्यावर काय ते मला लिहायला नको.

गुणाजी उभा राहिला. त्याच्या हातात माईक दिला. हात स्थिर होता, ते सगळ्यांनी पाहिलं.

"डॉक्टरानू, आमच्याकडे रापण ओढतत. दोरयेक हात लावलो तेका वाटो. म्हातारो आसांदे, लंगडो आसांदे, माझ्यासारखो पिसो आसांदे. आमी दोरी ओढली. मासे इले. आमचो वाटो खंय?"

मोठे डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले, "काका, प्रवासखर्च दिला होता ना आपण?"

"पैसे कोण मागता? माका गोळी होयी. माझ्या आंगार बघून पास केलात ती."

मला वाटलं, आता कुणीतरी लाजेल. पण ते लोक लाजण्यातून फार पूर्वीच बाहेर पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, "काकांनी अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. हा धोरणाचा प्रश्न आहे. आम्ही तो योग्य ठिकाणी नक्की मांडू. काकांसाठी एकदा टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या. मी उठले आणि ओरडले, "टाळ्यांनी त्याचे हात थांबणार आहेत काय?" एक टाय लावलेला मुलगा धावत आला. "आजी, बसा ना. जेवण तयार आहे."

धोरण म्हणजे काय ते मला शाळेत शिकवलं नाही. त्या दिवशी एवढं समजलं की ज्याचं उत्तर कुणालाच द्यायचं नसतं त्याला धोरणाचा प्रश्न म्हणतात.

मी रागाने जेवले नाही. गुणाजी जेवला, दोनदा. "तुझो राग बरोबर आसा," म्हणाला, "पण त्यात सुरमयचो काय दोष?"

खरं सांगायचं तर त्याला राग आलाच नव्हता. त्याने भरल्या सभेत वाटा मागितला होता आणि आम्ही मांडतो असं त्याला मोठ्या माणसाने सांगितलं होतं. त्याच्या लेखी काम झालं होतं. उशीर होईल, एवढंच. तो वाट बघत बसला. गोळ्या पुरवायच्या म्हणून शालन विळीवर त्यांचे अर्धे तुकडे करायची, मग अर्ध्याचे पाव. पोस्टमन दिसला की गुणाजी काम थांबवून बघायचा. काही आलं नाही. काही येणार नव्हतं.

आधी झोप गेली. मग पावणे आले, मग ते घरात शिरले. एका दुपारी तो गडगा ओलांडून माझ्याकडे आला. हातात नारळ सोलायचा कोयता होता. तो त्याने पात्याकडून धरला होता, मूठ माझ्याकडे.

"वैनी, ह्यो तुझ्याकडे ठेव."

"कित्याक रे?"

"पावणे शालनचा नाव घेवक लागले."

मी कोयता घेतला. तो म्हणाला, "उद्या मी सुईक जातंय. तू माझ्या वांगडा चल."

"आणि हात?"

"हात काय, जाळी सांधूक दुसरे गावतले. भैण दुसरी खंयसून हाडू?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी गेला आणि सुई घेतली. रांगेत कुणी त्याला धरलेलं नव्हतं. त्या सगळ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं त्याच्या समजेची मापं काढली. त्याची समज मला त्या दुपारी दिसली, आणि तेव्हा त्यांच्यातलं कुणी तिथे नव्हतं.

पुढे तो फार जगला नाही. हृदय बंद पडलं असं लिहिलं. औषधाने की आजाराने की आणखी कशाने, मी डॉक्टर नाही, मला विचारू नका. ते औषध अजून यादीत नाही. तरुण सरकारी डॉक्टरची बदली झाली. नव्याला मी विचारलं तर तोही म्हणाला, वर कळवलंय.

मी गुणाजीला शेवटचा पाहिला तो त्याच्या पडवीत. मी शालनचं तांदूळ पाखडायचं सूप परत द्यायला गेले होते. ती त्याच्यासमोर बसून त्याला चमच्याने पेज भरवत होती. आधी त्याने स्वतः खाऊन बघितलं असणार, शर्टाचा पुढचा भाग सगळा ओला होता. मांडीवर दोन्ही हात ठेवलेले, एकाने दुसऱ्याला दाबून धरलेलं, आणि तरी दोन्ही हलत होते.

त्याने मला पायरीवर पाहिलं. जीभ जड झालेली होती, पण शब्द मला नीट कळले.

"वैनी, थंयच ऱ्हव. आत्ता बघू नको."

मी सूप खाली ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. त्याची हनुवटी थरथरत असल्याने चमचा दातांवर वाजत होता. शालन हळू आवाजात म्हणत होती, "घे रे, सावकाश घे." पेज संपून तो आवाज थांबेपर्यंत मी वळले नाही.